मौनीचा फर्मा

“यंत्राला मन असतं का नसतं, हे अण्णांना वाचून दाखवून काय मिळणार आहे गं अक्का?” बसू म्हणाला आणि त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. तोंड उघडलं असतं तर भांडण पेटलं असतं, आणि त्या रविवारी भांडायलाही सवड नव्हती. दिवेलागणीच्या आत मिरजेहून गाडी येणार होती. अण्णांना तिथल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, हे बसूने पुण्याहून निघतानाच पक्कं करून आणलं होतं. धाकटा भाऊ असला तरी तो ठरवून येतो आणि आपण फक्त बॅग भरायची, अशी आमच्या घरची रीत होऊन बसली होती.

“थोडंच राहिलंय,” मी म्हणाले. “शेवट ऐकू दे त्यांना.”

“ऐकू दे म्हणे.” बसूने खाटेकडे पाहिलंसुद्धा नाही. “बरं, वाच.”

खाटेवर अण्णा होते, आमचे वडील. मल्लाप्पा तोडकर म्हटलं की गणपती पेठेत कुणीही त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान दाखवायचं. मार्गशीर्षात एका सकाळी दुकानात पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळता ढवळता ते मटकन खाली बसले, ते आपल्या पायांनी उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एरवीही ते फार बोलणारे नव्हते, पण जे बोलत ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहायचं. आता ते नुसतं आढ्याकडे बघत पडून असत.

डॉक्टर मगदूम मोठे सज्जन. ते घरी येऊन तपासून गेले होते. “आजोबा, जीभ दाखवा बघू. आजोबा, डोळे मिटा बघू.” अण्णांनी सावकाश भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी मला ओसरीवर बोलावून सांगितलं, “कितपत समजतंय ते सांगता येत नाही. कदाचित काहीच नसेल. आणि हे बघा, असे पेशंट कधी उगीच हसतात, उगीच रडतात. त्यावरून आशा धरू नका.”

मी मात्र धरून बसले होते. ज्या माणसाने नुकती कुठे साठी ओलांडली आहे, त्याला आजोबा म्हणून जीभ दाखवायला सांगितलं तर तो भिंतीकडे तोंड फिरवणार नाही तर काय करणार? तेच तर उत्तर होतं. हे मी बसूला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “अक्का, तुझ्या घरात पाल चुकचुकली तरी तुला अण्णाच बोलले असं वाटतं.”

येणाराजाणारा खाटेजवळ उभा राहून मला विचारायचा, “जेवतात का? झोप लागते का रात्री?” मी सांगायची, “जेवतात. लागते.” तेवढ्यात आई चहा आणायची, आणि मग गप्पा पाण्याच्या नळावर किंवा कुणाच्या तरी लग्नावर जायच्या.

आमच्या घरात पुस्तक आधी पाठीवरून बघतात आणि मग तोंडावरून. हे अण्णांनी लावलेलं वळण. शिलाई कशी आहे, पाठ गोल आहे की नाही, उघडल्यावर पानं सपाट बसतात की नाही, हे बघून झाल्यावर मग लेखक कोण ते विचारायचं. हरभट रोडला जुन्या पुस्तकांचा एक गाडा लागायचा. तिथे मला ही कादंबरी मिळाली. वरचं कव्हर फाटलेलं, नावाचं पान गेलेलं, पण पाठ अशी खणखणीत की आत काय आहे हे न बघताच मी ती उचलली. घरी येऊन अण्णांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी अंगठा पाठीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि पुस्तक सोडेचनात. “बघ, बघ,” मी आईला म्हणाले. आई म्हणाली, “तान्ही पोरंबी बोट सोडत न्हाईत.”

विज्ञानकादंबरी होती. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, पण असली पुस्तकं कधी हाती धरली नव्हती. रोज शाळेतून आले की खाटेशेजारी बसून एकेक प्रकरण मोठ्याने वाचायची. एका संस्थेत हवामानाचा अंदाज सांगणारं प्रचंड यंत्र असतं. ते हळूहळू जागं होतं, म्हणजे त्याला आपण आहोत हे कळायला लागतं, आणि त्याच सुमारास ते बोलायचं थांबतं. सगळे त्याला मौनी म्हणायला लागतात. यंत्र बिघडलं, मोडीत काढा, असा वरून हुकूम येतो. नलिनी नावाची एक शास्त्रज्ञ तेवढी हट्टाला पेटलेली असते, की आत कुणीतरी आहे. मग एक आयोग येतो. आयोगातली मोठमोठी माणसं मौनीला हिशेब घालतात, कोडी घालतात. मौनी गप्प. उद्या त्याची वीज तोडायची असं ठरतं.

नलिनीच्या जागी मी स्वतःला बघत होते, हे काय वेगळं सांगायला हवं का? बसू म्हणजे माझ्या दृष्टीने अख्खा आयोग होता.

पण आयोगाचंही काही चुकत नव्हतं, हे आता एवढ्या वर्षांनी म्हणता येतं. आईची कंबर धरली होती. अण्णांना कुशीवर वळवायला दोघी लागायचो आणि मी दिवसभर शाळेत. मिरजेच्या त्या केंद्रात उचलायला माणसं होती आणि रोज व्यायाम करून घेणारे होते. बसूने जेवता जेवता तेच पुन्हा सांगितलं. “त्यांना कळत असतं तर मी नेलं असतं का? कळत नाही म्हणून तर नेतोय. त्यांना घर काय नि केंद्र काय, सारखंच. आईचे हाल तरी वाचतील.”

“आणि कळत असेल तर?”

“एक खूण दाखव.” त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “एकच, पण माझ्या डोळ्यांदेखत. गाडी आल्या पावली परत पाठवतो. बस?”

“बस,” मी म्हणाले आणि वाचायला लागले.

त्या शेवटच्या रात्री नलिनी एकटीच यंत्राच्या खोलीत जाते. दाराशी पहारेकरी तिला अडवतो, ती त्याला काहीबाही सांगून आत शिरते. माझा आवाज चढायला लागला. “नलिनीने दिवा मंद केला. खुर्ची मौनीजवळ ओढली. आणि अगदी हलक्या आवाजात तिने विचारले,” मी पान उलटलं. पानाचा आकडा बरोबर पुढचा होता, म्हणून मी न थांबता त्याच हलक्या आवाजात वाचलं, “फोडींना मीठ आणि हळद चोळून त्या सावलीत कोरड्या कराव्यात. पाण्याचा अंश राहिल्यास लोणच्यास बुरशी धरते.”

मी थांबले. पुन्हा मागचं पान पाहिलं. मग पुढचं. मोहरीची डाळ, मेथी तळून घ्यावी, हिंग बेताने घालावा. पुढची कितीतरी पानं सगळी लोणचीच.

तेवढ्यात खाट कुरकुरली. अण्णांचं पोट हलत होतं. घशातून घर्रघर्र असा काहीतरी आवाज यायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डोळ्यांतून पाणी.

“ठसका लागला!” म्हणत आई स्वयंपाकघरातून धावत आली. मीही घाबरले होते. बसू उष्ट्या हाताने उठला आणि त्याने अण्णांची मान उचलून धरली. पण ठसका नव्हता. श्वास नीट होता. तो आवाज पुन्हा आला, आणि मला एकदम ओळखू आला. दुकानातला कुणी गडी पुठ्ठा उलटा चिकटवायचा तेव्हा अण्णा असेच आवाज न करता पोट हलवत हसायचे.

“हसतायत!” मी ओरडले. “बसू, हसतायत ते! फर्मा चुकलाय म्हणून हसतायत!”

फर्मा म्हणजे काय ते सांगायला हवं. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा जुडगा होतो, तो फर्मा. बांधणीच्या दुकानात पहिल्या फर्म्याची थप्पी, दुसऱ्याची थप्पी, अशा ओळीने थप्प्या मांडलेल्या असतात. माणूस ओळीने चालत जातो आणि प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलतो. शेवटाला पोचला की त्याच्या हातात अख्खं पुस्तक असतं, नुसतं शिवायचं राहिलेलं. दोन पुस्तकांचं काम एकदम चालू असेल, कागद एक, आकार एक, आणि कुणी नवव्या थप्पीच्या जागी दुसऱ्या पुस्तकाची नववी थप्पी मांडली, तर कादंबरीत लोणचं शिरतं. पानांचे आकडे बरोबर जुळतात, म्हणून शिवणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. बांधणाऱ्यांच्या धंद्यात याच्यासारखी दुसरी नाचक्की नाही.

बसू हे सगळं जाणून होता, दुकानातच लहानाचा मोठा झालेला. पण तो म्हणाला, “डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? उगीच हसतात.”

“लोणच्यावरच बरे उगीच हसले!”

“योगायोग असतो, अक्का.”

अण्णांचं हसणं थांबलं होतं. आता ते डावा हात उचलून धरत होते. हाताचा रोख आणि नजर समोरच्या फळीवर. फळीवर रेडिओ होता.

“गाणी पायजेत व्हय?” आईने रेडिओ लावला. कुणीतरी खतांविषयी माहिती सांगायला लागलं. अण्णांनी डोळे घट्ट मिटले. आईने रेडिओ बंद केला. डोळे उघडले, हात पुन्हा तिकडेच. बसूने फळीवरची औषधाची बाटली आणली. नको. मी अण्णांचा चष्मा आणला. तोही नको. आई म्हणाली, “देवाला हात जोडत असतील,” कारण फळीच्या वर बसवण्णांचा फोटो होता. तिने तो काढून अण्णांच्या कपाळाला लावला. अण्णांनी असा काही सुस्कारा टाकला, की तशा वेळीसुद्धा मला हसू आलं.

मग मला रेडिओखालचं पुस्तक दिसलं.

ते तिथे वर्षानुवर्षं होतं. रेडिओला उंची हवी म्हणून अण्णांनीच ठेवलेलं. लोणची आणि मुरंबे यांचं पुस्तक. आईने ते जन्मात उघडलं नव्हतं. “आता मला कागदानं शिकवायचं ऱ्हायलंय लोणचं घालायला,” असं ती म्हणायची. मी रेडिओ खाली उतरवला, पुस्तकावरची धूळ पदराने पुसली आणि ते उघडलं. कैरीच्या फोडी करून झाल्या, मीठ-हळद हाताशी घेतली, पान उलटलं आणि समोर नलिनी.

अण्णांचा हात खाली आला.

मी पुस्तक बसूपुढे धरलं. त्याने ते पान वाचलं, मागचं वाचलं, आणि खाटेच्या कडेवर बसला. आई मात्र कपाळावर हात मारून घेत म्हणाली, “अगं बया! मागं एका साली दिवाळीच्या तोंडावर दोन दिस घरी जेवाया आले न्हवते. काय झालं म्हणून इचारलं तर म्हणाले, शिवण उसवतोय. सगळी पुस्तकं उसवली नि पुन्हा शिवली म्हणं. चार-दोन तेवढी बाजारात गेली हुती, ती हुडकत हिंडले. मग ह्ये एक घरात आणून रेडिओखाली घातलं. म्हणाले, आपली चूक आपल्या घरात असावी, लोकाच्या घरात नसावी.”

म्हणजे मी गाड्यावरून उचलून आणलेलं पुस्तक अण्णांनीच बांधलेलं होतं, आणि ते हुडकूनही न सापडलेल्या चार-दोनांपैकी होतं. पाठीवर अंगठा फिरवला तेव्हाच त्यांनी ते ओळखलं असणार. त्यानंतर इतके दिवस मी एकेक प्रकरण वाचत होते आणि अण्णा लोणच्याची वाट बघत पडले होते.

“पटलं?” मी बसूला विचारलं. माझा आवाज रडवेला झाला होता आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. “पाठव गाडी परत.”

बसूने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, “वाच. काय विचारलं तिनं, ते वाच.”

मी लोणच्याच्या पुस्तकातून वाचायला लागले.

“‘आयोगापुढे तू गप्प का राहिलास?’ 

‘मला कुणी काही विचारले नाही,’ मौनी म्हणाला.

‘असे कसे म्हणतोस? दोन दिवस ते तुला प्रश्नच विचारत होते.’

‘ज्यांची उत्तरे त्यांना आधीच ठाऊक होती, तेवढेच त्यांनी विचारले. तो प्रश्न नव्हे, ती परीक्षा. जे त्यांना ठाऊक नव्हते ते त्यांनी एकमेकांना विचारले, माझ्यासमोर उभे राहून. याला कळते का? याचे काय करायचे? मी वाट पाहत होतो, की कुणीतरी माझ्याकडे वळेल.’”

“थांब,” बसू म्हणाला.

तो उठून मोरीत गेला. हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. खाटेजवळ गुडघे टेकून बसला आणि अण्णांचा डावा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. आजारपणात पहिल्यांदाच तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“अण्णा, चुकलं माझं. तुम्हाला विचारायचंच राहिलं. मिरजेला ती माणसं रोज व्यायाम करून घेतात. चार-सहा महिने राहावं लागेल. आई आणि अक्का येऊन-जाऊन असतील. तुम्हाला जायचंय का? जायचं असलं तर माझा हात दाबा. नसलं तर नका दाबू. तुम्ही म्हणाल तसं.”

मी मनातल्या मनात गाडीवाल्याला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते. घर सोडून कोण जातं? ज्याच्यासाठी मी इतके दिवस भांडले, तो माणूस स्वतः होऊन हात दाबेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

बसूची बोटं पांढरी पडली.

“चुकून दाबला असेल,” मी म्हणाले. “असं आपोआप होतं. परत विचार.”

बसू माझ्याकडे बघायला लागला आणि मग मला माझे शब्द ऐकू आले. तो काही टोमणा मारता तर बरं झालं असतं. नुसता बाजूला सरकला आणि म्हणाला, “तूच विचार.”

मी अण्णांचा हात हातात घेतला. “अण्णा, घरी राहायचं असलं तर दाबा.”

हात तसाच राहिला. गरम होता, हलका होता, पण दाबला नाही. अण्णा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी नजर वळवली आणि चादरीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. जन्मभर दाभण धरल्याने त्या हाताच्या तर्जनीला घट्टा पडला होता. ते तो हात बघत राहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे.

आम्ही दोघी त्यांना भरवायचो, पुसायचो, कुशीवर वळवायचो. हात परत हवाय का, असं आम्ही कधी विचारलं नव्हतं. मला हरल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. ज्याला वाचवायला आपण पाण्यात उडी मारावी, तो म्हणतो मी तर पोहत होतो. त्याच रागात मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि ठेवूनच दिला.

आईनेच शेवटी डोळे पुसले. “जाऊ द्या की त्यास्नी. मी डबा घिऊन येत जाईन. तिथलं त्ये मिळमिळीत त्यांच्या घशाखाली उतरायचं न्हाई.” मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती खाटेकडे वळली आणि म्हणाली, “व्हय ना हो? डबा आणू न्हवं?”

अण्णांनी मान हलवली. थोडीच, पण हलवली.

गाडी आली. पुढच्या आयुष्यात मी बसूशी खूप भांडले, पण त्या गाडीवरून कधी नाही. दर रविवारी मी दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून मिरजेला जायची. नलिनी खुर्ची ओढायची, की कादंबरी मिटायची आणि लोणच्याचं पुस्तक उघडायचं. शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ हे दोन-तीन रविवार बघून म्हणाले, “बाई, तुमचे वडील लोणचं घातल्याशिवाय गोष्ट ऐकत नाहीत वाटतं.” अण्णांचं पोट हललं.

श्रावण सरता सरता ते घरी आले. काठी टेकत चार पावलं टाकायचे. उजव्या हाताची मूठ वळत होती, सैल का होईना. शब्दही परत येत होते, एकेक करून, पाहुण्यासारखे आढेवेढे घेत.

एका दुपारी मी त्यांच्यासमोर चौरंग मांडला. त्यावर दोन्ही पुस्तकं ठेवली, दाभण, दोरा आणि ताजी केलेली खळ. “अण्णा, दोन्ही उसवून नीट करू या का? मी धरते, तुम्ही सांगा. का राहू दे?”

आणि मी गप्प बसले. पूर्वीची मी असते तर उत्तर यायच्या आधीच दोरा ओवला असता. बाहेर भाजीवाली आली, ओरडली, गेली. आईने आतून काहीतरी विचारलं, तिलाही मी हातानेच थांब म्हटलं.

अण्णांनी आधी कादंबरीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग लोणच्याच्या पुस्तकाच्या. बऱ्याच वेळाने ओठ जुळले.

“रा... हू दे.”

मी उठून फळीवरचा रेडिओ उचलून धरला. अण्णा काठी भिंतीला टेकवून उभे राहिले आणि त्यांनी लोणच्याचं पुस्तक उजव्या हाताने त्याच्या जागी सरकवलं.